चासीच्या आतली पट्टी

मित्रहो, मिरजेच्या गॅरेजात आज मला बसायला तीन पायांची खुर्ची देण्यात आली, याचा जाहीर निषेध.

आमच्या जुन्या पेट्रोल ट्रकला जड डिझेल इंजिन बसवायचंय, म्हणून चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मजबूत करायची होती. रफीक मिस्त्रीनं आतला गंज खरवडला आणि थबकला. "आवं, हितं पट्टी हाय की! अब्बांचंच वेल्डिंग."

वीस वर्षांपूर्वी, मजबुतीची पट्टी न मारताच मारली सांगून पैसे घेता, असं ओरडत मी त्याच्या अब्बांना, हुसेन मिस्त्रींना, इथंच चोर ठरवलं होतं.

"त्या दिवशी जेवले न्हाईत ते," रफीक एवढंच म्हणाला.

अब्बा आता नाहीत. त्यांच्याच पट्टीवर माझा ट्रक वीस वर्षं चालला. तुम्हीही कुणाला असं उगाच चोर ठरवलंय का?

तेव्हा चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांतच लिहितो. हुसेन मिस्त्री चोर नव्हते.