मौसाजींचं फेल हाऊस

इंदुरात राहून डेन्मार्कमध्ये नांदणारा माणूस जगात एकच, आणि तो माझ्या नात्यात आहे. मावशीचे यजमान, म्हणजे मराठीप्रमाणे काका, पण इंदुरी रिवाजाने मौसाजी. जन्मभर ड्राफ्ट्समनची नोकरी, पासपोर्ट कोरा, आणि तरी कोपनहेगनजवळ एखादं घर नव्या तऱ्हेने उभं राहिलं की बातमी स्नेहलतागंजातल्या घरी मला सकाळच्या पोह्यांआधी कळते. "अगं, समुद्री गवताचं छप्पर! आहेस कुठे!" असा फोन येतो. "आपल्याकडे समुद्र नाही, मौसाजी," म्हटलं, तर "तीच तर दिक्कत आहे!" म्हणून ते दुप्पट उत्साहाने दुसरा प्रयोग काढतात.

तिकडे भिंतींत गव्हाचं काड भरतात हे वाचून त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून काडाचे गठ्ठे रचले. लिंपण व्हायच्या आतच गल्लीतल्या गायीने भिंत खाल्ली. दुसरा कपाळाला हात लावून बसला असता, हे मला आनंदाने सांगत होते, "गारवा इतका, की गाय तिथून हटेचना!" कुठे जुनं घर पाडतायत असं कळलं की पिशवी घेऊन हजर. "चुन्यातली वीट सुटते, सिमेंटातली फुटते," म्हणत अंगणात बसून एकेक वीट खरवडायची. पाहुण्यांनाही चहाबरोबर एक वीट नि एक पटाशी मिळते. मी स्वतः बावीस विटा साफ केल्या आहेत.

त्याच विटांचं गेल्या वर्षी अंगणात एक स्वयंपाकघर झालं. डेन्मार्कात म्हणे शेजारी मिळून एक सामाईक घर बांधतात, पाळीपाळीने रांधतात, एकत्र जेवतात, आणि त्याला 'फेलेस-हूस' म्हणतात. गल्लीने 'फेल हाऊस' ऐकलं आणि तेच नाव पडलं. मौसाजींना मात्र ते फेल होऊन चालणार नव्हतं. मावशी गेल्यापासून ते एकटेच जेवत, आणि पुण्याच्या मुलीने बजावलं होतं, "बाबा, हेही जमलं नाही तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं."

पहिल्या रविवारी त्यांनी स्वतः दाल-बाफले केले. तीन घरांच्या पाळ्यांचं वेळापत्रक आठवडाभर फाटकावर लटकत होतं. पट्टीने आखलेलं, कांदा-लसूण न खाणाऱ्या शेजारच्या जैनसाहेबांसाठी वेगळा रकाना. एक वाजला, दीड वाजला. बारा ताटांसमोर आम्ही दोघंच.

"फेल," मौसाजी हळूच म्हणाले. त्याच क्षणी मला उमगलं.

"मौसाजी, बोलावणं केलंत?"

"फाटकावर लिहिलंय ना!"

"कागद वाचून कुणी जेवायला येतं का?"

ते तसेच अनवाणी शेजारी गेले. चाळीस वर्षांत त्या दाराची कडी त्यांनी कधी वाजवली नव्हती. ते खातं मावशीचं. जैनसाहेब बाहेर आले ते कडक इस्त्रीच्या कुर्त्यात. मागे अख्खं कुटुंब, हातात शेवेचा डबा.

"कब से तैयार बैठे हैं, भिया! बुलाओ तो सही!"

तिसऱ्या घरालाही हाक गेली, आणि मग जो गलका झाला! मुलीचा फोन आला, तिला काही ऐकू येईना, ती हसत सुटली आणि पुण्याचं नावही न काढता तिने फोन ठेवला.

हात धुताना मौसाजी मला म्हणाले, "मी एवढ्या विटा रचल्या गं. तुझी मावशी हेच काम कंपाउंडवरून एका हाकेत करायची."

आता पाळी कुणाचीही असो, बोलवायला मौसाजीच जातात. जैनसाहेबांना मराठी येत नाही, तरी हाक असते ती मावशीचीच: "या हो, पानं घेतलीयत!"