मांगं कोन बसते?

ते इंजिन अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका घरामागे पत्र्याच्या शेडखाली पडलं होतं. गाडी जुनी, टू-स्ट्रोक, आता रस्त्यावर क्वचितच दिसते तशी. सांगाडा गंजलेला, टाकीला भोक, सीटच्या फोममध्ये उंदरांचं घर. मी वाकून किक हाताने हळूच दाबून पाहिली. फिरली. आत काही जाम नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

मी अमरावतीला पॉलिटेक्निकात शिकवते आणि घरामागच्या खोलीत शर्यतीची इंजिनं बांधते. बाईमाणसाला हा कसला नाद, असं विचारणारे केव्हाच थकले. धाकटा भाऊ तेव्हा मातीवरच्या शर्यती खेळायचा आणि त्याच्यासाठी मी असंच इंजिन शोधत होते. मातीत, डांबरावर, घाटात, सगळीकडे चालेल असं दुसरं इंजिन माझ्या माहितीत नाही. आत हलणारे भाग मोजकेच. मागच्या चाकाची दातेरी चक्री मोठी लावली की ते ढेकळांतून बैलासारखं ओढतं, लहान लावली की सरळ रस्त्यावर पळत सुटतं. सिलेंडर बदला, कार्बोरेटर बदला, सायलेन्सर बदला, की तेच इंजिन वेगळ्या स्वभावाचं होतं.

त्या घरातल्या काकू बोलल्या फार कमी. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे, आता गाडी कोणी फिरवत नाही, एवढंच. टेम्पोत गाडी चढवली तेव्हा त्या मागच्या दारात उभ्या होत्या.

"ठेवून नोका देजा," त्या म्हणाल्या. "फिरवजा."

सांगाडा, सीट, चाकं सगळं भंगारात गेलं. इंजिन मी भावाच्या मातीच्या गाडीत बसवलं.

पहिली शर्यत मूर्तिजापूर रस्त्यावरच्या एका शेतात होती. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि उघड्या काळ्या मातीत उड्यांसाठी टेकाडं केली होती. भाऊ दुसरा आला. माझ्याकडे येऊन त्याने हेल्मेट काढलं आणि आधी मागे वळून पाहिलं.

"ताई, माया मांगं कोनी बसलं होतं काय?"

मी हसले. त्या गाडीवर एका माणसाला जेमतेम जागा.

"मजाक नाही करून राहिलो. उडी मारली तवा कोनीतरी शर्ट धरला. दोनी बाजूनं."

त्याने छातीचं कवच सोडलं. खाली शर्टाला कमरेच्या दोन्ही अंगांना चुण्या पडल्या होत्या, ओलं कापड मुठीत आवळून धरल्यावर पडतात तशा. पट्ट्यामुळे झालं असेल, मी म्हटलं. त्याने मान हलवली, पण शर्टाकडे बघतच राहिला.

पुढच्या शर्यतींमध्येही तेच झालं. गाडी हळू असली की काही नाही, इंजिन पूर्ण जोरात आलं की मुठी. शेवटी त्याने त्या गाडीवर बसणं सोडलं.

"भेव नाही वाटत वो ताई," तो म्हणाला. "पन ते पोट्टं आहे. मुठी लहान आहेत. मांगं पोट्टं बसून असल्यावर म्या गाडी कशी उडवू?"

एका सिलेंडरच्या इंजिनाला कंप असतो, ठराविक वेगाला तो सीटमधून कमरेत चढतो. मी वर्गात हे शिकवते. तेव्हा मी इंजिन उघडलं. क्रॅंक नवा टाकला, बेअरिंगं नवी टाकली, रबरी बुश बदलले. मग सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी वेगळा सिलेंडर बसवला आणि सगळं एका लांब, बुटक्या गाडीत चढवलं. जुनं म्हणून आता फक्त बाहेरचं केसिंग राहिलं होतं.

ती गाडी चालवायला बाळापूरचा माझा एक जुना विद्यार्थी आला. घरचा स्पेअर पार्टचा धंदा, आणि हात असा की गिअर कधी टाकला ते ऐकूही येत नाही. भाऊ तोवर नोकरीसाठी पुण्याला गेला होता. दोघांची भेट झालेली नव्हती आणि मी एक अक्षर बोलले नव्हते.

शहराबाहेर नव्या वसाहतीसाठी टाकलेला एक रस्ता होता. घरं झालेली नव्हती, नुसते विजेचे खांब. रविवारी सकाळी परवानगी काढून तिथे शर्यत झाली. तो जिंकला. पण परत येताना गाडी अगदी सावकाश आणली आणि उतरलाच नाही. लोक पोहे खात होते, कोणी त्याच्या पाठीवर थापा मारत होतं.

"मॅडम, एक विचारू? बुरा मत मानना."

"विचार."

"मागे कोण बसतं?"

ऊन चांगलं चढलं होतं. मी त्याच्यामागची रिकामी जागा हाताने चाचपून पाहिली.

तेव्हा मी ठरवलं की दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही. पावसाळा सरता सरता चिखलदऱ्याच्या घाटात आमच्या क्लबची चढाची शर्यत होती. इंजिन तिसऱ्या गाडीत बसवलं आणि सरावाला मी स्वतः बसले. सकाळ होती, पण धुकं इतकं की पुढचं वळण दिसण्याआधी त्याचा पांढरा दगड दिसायचा. रस्ता बंद केलेला, वर-खाली आमचीच माणसं, आणि मध्ये मी एकटी.

सुरुवातीला काही नव्हतं. मग एक लांब चढ आला, मी तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली, इंजिनाचा आवाज बारीक होऊन वर चढला आणि माझ्या जॅकेटला दोन्ही बाजूंनी कोणीतरी धरलं. लहान मुठी. बरगड्यांच्या जरा खाली.

मी मागे पाहिलं नाही. मला भीती त्या हातांची वाटली नाही. पुढे डावं वळण होतं, मी गाडी झुकवली, आणि मागचं ते माझ्याबरोबर झुकलं. अनोळखी माणूस मागे बसला की वळणाला ताठ होतो. हे झुकलं ते रोजच्या सवयीने. पुढच्या उजव्या वळणाला माझ्याही आधी झुकलं. ते वळण मला अजून दिसलंही नव्हतं. तिथे मात्र माझे दात वाजायला लागले.

वर पोचून गाडी बंद केली तेव्हा मुठी सैल झाल्या. मी शर्यतीतून नाव काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले.

काकू ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होत्या. माझं बोलणं मनात शंभरदा घोळवून झालं होतं, पण त्यांच्यासमोर बसल्यावर एवढंच विचारता आलं, "काकू, त्या गाडीवर मागे कोण बसायचं?"

त्यांचे हात थांबले.

"कावून विचारतं?"

मी सगळं सांगितलं. मातीतलं, रस्त्यावरचं, घाटातलं. भाजीची काडी बोटांत तशीच होती.

"माही पोट्टी," त्या म्हणाल्या. "भावाच्या मांगं बसे. त्याच्या कमरेले हात नाही पुरे तिचे, म्हून शर्ट धरे. तो तिले शाळेतून आनाले जाय तं सरके घरी नाही येत ते, मोर्ना नदीच्या काठाकाठानं फिरून येत. 'दादा, आखीन जोरात,' एवढंच तिचं."

"मग?"

"मंग ताप आला. पावसाया होता. दवाखान्यात नेलं, पन तिथूनच गेली. सातवं लागलं होतं तिले. पोरानं तवापासून गाडीले हात नाही लावला. गावच सोडलं त्यानं." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "एकदा आनतं काय गाडी इकडे?"

पुढच्या रविवारी, सगळं ऐकून घेतलेला बाळापूरचा गडी आणि मी गाडी टेम्पोत घालून घेऊन गेलो. मागच्या अंगणात उतरवली. काकूंनी लुगड्याचा काष्टा नीट खोचला आणि म्हणाल्या, "मी पुढं बसते. ते मांगं बसते नं."

त्याने गाडी धरून ठेवली आणि सुरू केली. अंगण निळ्या धुराने भरलं. काकू हॅंडल धरून डोळे मिटून बसल्या. तो मूठ पिळत गेला, इंजिन किंचाळायला लागलं, शेजारच्या गच्चीवर माणसं आली. काकूंचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. लुगडं सरळ होतं, एक चुणी नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात वर केला. त्याने गाडी बंद केली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मले काहीच नाही."

त्यांना उतरायला मी हात दिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"जोरात पयवतं तवा तिले भेव वाटते काय रे?"

"नाही काकू," तो म्हणाला. "वेग कमी केला की शर्ट ओढते. जाऊ दे म्हणते जणू."

काकूंच्या तोंडून हसू आलं की हुंदका, मला कळलं नाही. त्यांनी इंजिनावर हात ठेवला. ते तापलेलं होतं, चटका बसला असणार, पण त्यांनी हात लगेच काढला नाही.

"घेऊन जा बाप्पा," त्या म्हणाल्या. "उभ्या गाडीवर ते कवाच बसली नाही. बुडच टेकत नवतं तिचं."

आता ते इंजिन पुन्हा मातीत आहे, गोल चकरा मारायच्या शर्यतीत. बाळापूरचाच चालवतो, दुसऱ्या कोणाला मी देत नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा तो हेल्मेट काढून म्हणाला, "मॅडम, आता ती एकाच हाताने धरते. दुसरा हात बाहेर काढते, हवेत."

मी संध्याकाळी काकूंना फोन करून सांगितलं. पलीकडून एकदम करडा आवाज आला, "त्याले म्हनाव, तिले सांग. दोनी हातानं धरून बस म्हना. पडशीन म्हना."

मी त्याला निरोप दिला. पुढच्या शर्यतीला, झेंडी पडायच्या आधी, त्याने मान वळवली आणि खांद्यावरून मागे काहीतरी म्हटलं. शेजारच्या गाडीवरचा स्वार त्याच्याकडे बघत राहिला.

शर्यत संपल्यावर मी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"ऐकत नाही," तो म्हणाला.