बर्फाचं वजन

मांजर्लीत आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. अंबरनाथच्या एका चिकन कंपनीत पाकिटांचं वजन तपासायचं त्यांचं काम. पण काट्याआधी त्यांचा हातच सांगायचा. ती सवय घरीही सुटत नसे. जिन्यात भेटले की माझी पिशवी उचलून म्हणायचे, "ताई, कांदे पावशेर कमी दिलेत." आणि ते खरं निघायचं. मला त्यांचा जरा धाकच वाटे.

मग परदेशातल्या एका बड्या कंपनीने त्यांची कंपनी विकत घेतली. जुन्या शेठने पेढे वाटले; म्हणाले, आता आपला माल जगभर जाणार. चार महिन्यांत वजनाचं मशीन आलं आणि आमच्या या शेजाऱ्यांना घरी बसवलं.

शेवटच्या दिवशी त्यांना कंपनीच्या नव्या नावाचं फ्रोझन चिकनचं पाकीट भेट मिळालं. "आमच्या घरात हे कोणाला नको," म्हणत ते माझ्या दारात आले. देता देता त्यांनी पाकीट तळहातावर तोललं.

"किलो लिहिलंय. कोंबडी आठशेच आहे, बाकी बर्फ."

"मग सांगा ना कंपनीत कोणाला तरी."

पाकीट त्यांच्या हातातच राहिलं. बोटांतून पाणी गळत होतं.

"तेच सांगायचा तर पगार होता मला, ताई."