सहा हात एक वीत

बाबा उंची हातानं मोजायचे. फूट, इंच, सेंटिमीटर या भानगडी त्यांनी कधी मानल्याच नाहीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि वर उरेल ते विती-बोटांत. इथे परदेशात, आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या चौकटीवर माझ्या मुलाच्या पाचव्या वर्षापासूनच्या दर वाढदिवसाची एक पेन्सिलीची खूण आहे. ते सगळं माप बाबांच्या हाताचं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शब्बाथचा दिवा, शनिवारी काम बंद. आमच्यातही कीर्तन असतं हे ऐकून इथली मराठी मंडळी तोंडात बोट घालतात. बाबा कीर्तनकार होते. पेटी, झांज, खांद्यावर उपरणं, आणि आवाज असा की मागच्या रांगेतली झोपलेली म्हातारी दचकून उठायची. त्यांचं हुकमी आख्यान इस्राएलच्या लढवय्यांचं आणि त्या महाकाय शत्रूंचं. एकाच्या हातापायांना सहा-सहा बोटं, हे आलं की पुढ्यात बसलेली पोरं गुपचूप आपली बोटं मोजायची. आणि सगळ्यांत थोरला कितीचा? "सहा हात एक वीत!" डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर चिलखत. समोर एक मेंढपाळ पोरगा, हातात गोफण आणि झोळीत ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे.

आई गेल्यावर मी बाबांना ठाण्याहून इकडे आणलं तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. या दोघांनी माझ्या दिवाणखान्याचं रणांगण करून टाकलं. पोरगा सोफ्यावर उभा राहून राक्षस व्हायचा, बाबा उपरण्याची गोफण करून मोज्यांचा बोळा भिरकवायचे. बोळा कपाळाला लागला की स्वारी धप्पकन खाली. "मेलास का रे?" "मेलो, आजोबा!" एरवी इथल्या, दर वाक्याला 'लाह'चं शेपूट लावलेल्या इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारा माझा लेक, पण मरायचा अस्सल मराठीत. शास्त्रात पुढे तो मेंढपाळ राक्षसाचीच तलवार उपसून त्याचं मुंडकं उडवतो. तेवढं घरात चालायचं नाही. मी डोळे वटारले की बाबा उपरणं झटकून खांद्यावर टाकायचे.

अठराव्या वाढदिवसाला पोरगा बरोबर चार हात भरला. बाबा म्हणाले, "अजून दोन हात आणि एक वीत वाढ. मग आपण दोन हात करू." आम्ही पोट धरधरून हसलो. तेव्हा माझा नवराही होता. त्याच वर्षी तो गेला, आणि घरात आम्ही तिघंच उरलो.

मग मुलगा नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेला गेला. इथे मुलांना ती चुकत नाही. आठवडाभर कॅम्प आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी. हिरवा गणवेश, जाड बूट, पाठीवर डोक्याच्याही वर जाणारी बॅग. दर शुक्रवारी मी दारात उभी राहायची, कोणी बघत नसलं तर त्याची दृष्टसुद्धा काढायची.

बाबांचं काहीतरी बिनसलंय हे मला कळत नव्हतं असं नाही. मी कळून घेत नव्हते. "लिफ्टपाशी कोण उभा असतो गं, बाय?" ते संध्याकाळी विचारायचे. "कोण असणार? पाण्याचा पाइप आहे तो!" मी खेकसायची. डॉक्टरांनी सांगितलं, स्मृतीचा आजार आहे, नसलेली माणसंही दिसू शकतात, त्यांना एकटं सोडू नका. मला रागच आला. ज्या माणसाला रात्रभराचं आख्यान तोंडपाठ, त्याला कसला डोंबलाचा विसर? बँकेत नियम मोडणाऱ्यांना पत्रं पाठवणं हे माझं काम, पण बाबांना एकटं न सोडण्याच्या घरातल्या नियमाकडे मी सरळ कानाडोळा केला.

एकोणिसावा वाढदिवस नेमका शुक्रवारी आला. मुलगा गणवेशातच चौकटीला पाठ लावून उभा राहिला. बाबांनी खालून हात लावायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मग कुठे होतो ते विसरले आणि परत खाली जाऊन चार म्हणाले. मी बघत होते. पाच. सहा. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर पंजा ताणून धरला.

"वर एक वीत," ते म्हणाले.

"आजोबा, राँग काउंट लाह!" पोरगा हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तरी मी केक कापला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी शेजारची चिनी मावशी मला कॉरिडॉरमध्ये भेटली. तिच्या कुंड्यांत वरून गुळगुळीत गोटे पसरलेले असतात. "अंकलनी माझे दगड घेतले. नेव्हर माइंड लाह, पण कशाला?" संध्याकाळी बाबांच्या धुवायला टाकायच्या सदऱ्याचा खिसा मी चाचपला. स्वच्छ धुतलेले, कापडात गुंडाळलेले गोटे. मी मोजले. पाच. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बाबांच्या गोफणीची चेष्टा करायला माझी जीभ धजावली नाही, कारण त्यांचं अख्खं बालपण भाताच्या शेतावर गोफणीनं पाखरं हाकण्यात गेलं होतं. त्यांचा नेम चुकत नसे.

मी गोटे परत कुंड्यांत टाकले आणि बाबांना फैलावर घेतलं. "लोकांच्या वस्तूंना हात लावायचा नाही! अकराव्या मजल्यावरून एक दगड खाली गेला तर पोलीस येतील दारात!" ते मान खाली घालून ऐकत राहिले. दगड कुणासाठी, हे मात्र मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही, हे आज कबूल करते. मुलाला फोन करून सांगावं असं दहादा वाटलं. पण काय सांगणार, आजोबा तुला मारायला बसलेत?

पुढचा शुक्रवार. दिवा लावून झाला होता, माशाचं कालवण तयार होतं, कोशिंबिरीवर घालायची कोथिंबीर मी चिरत होते. घर फार शांत वाटलं म्हणून सुरी हातात तशीच घेऊन बाहेर आले. बाबांची खोली रिकामी. जाळीचं दार उघडं.

ते कॉरिडॉरच्या मधोमध उभे होते. धोतर वर खोचलेलं, उपरण्याची गोफण डोक्यावर गरगर फिरत होती. पंचाऐंशी वर्षांचा तो हात जराही थरथरत नव्हता. पलीकडे लिफ्ट उघडली आणि मावळतीच्या उजेडात माझा मुलगा बाहेर आला. उजेड त्याच्या पाठीशी होता, तोंड दिसतच नव्हतं. दिसत होता तो फक्त आकार, डोक्यावर बॅगचा उंचवटा, अंगावर पट्टे, पायात बूट. खरं सांगते, क्षणभर मीसुद्धा घाबरले.

मी किंचाळले. त्यानं पाहिलं. आणि पळायचं सोडून, बॅगसकट, सहा वर्षांचा असताना पडायचा तसा तो धप्पकन खाली पडला. दगड त्याच्या कपाळाच्या जागेवरून गेला आणि लिफ्टच्या दारावर खण्णकन आदळला. तो पोचा अजून आहे.

"मेलो, आजोबा," तो जमिनीवरून म्हणाला.

बाबा धापा टाकत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "बाय, त्याची तलवार दे."

सुरी माझ्या हातात होती. तिला कोथिंबीर चिकटली होती.

मी जन्मात कधी कीर्तनाला उभी राहिले नाही. पण त्या वेळी माझ्या तोंडून ते आलं. "बाबा, पुढचं आख्यान ऐका. तो मेंढपाळ राजा झाला, म्हातारा झाला, तरी लढाईला गेला. समोर पुन्हा एक महाकाय आला आणि राजाला ग्लानी आली. त्याच्या माणसानं मध्ये पडून त्याला वाचवलं. मग सगळ्यांनी शपथ घातली, महाराज, यापुढे तुम्ही आमच्याबरोबर लढाईला यायचं नाही. नाहीतर इस्राएलचा दिवा विझेल."

बाबांनी उघड्या दारातून आत पाहिलं. टेबलावर शब्बाथचा दिवा जळत होता.

"तो भाग मी कधी लावला नाही," ते हळूच म्हणाले.

"का?"

"त्यात राजा थकतो." त्यांनी उपरणं माझ्या हातात दिलं. उरलेले चार गोटेही दिले. मी त्यांना आत नेलं, जाळीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. ती अजून तिथेच आहे. मुलगा मागच्या जिन्यावर गणवेश बदलून टी-शर्टमध्ये आला, तेव्हा मी कुलूप उघडून त्याला आत घेतलं. त्याचं कोपर सोलवटलं होतं.

जेवताना बाबांनी प्रार्थना म्हटली, भाकरीचा तुकडा मोडून आधी नातवाला दिला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

"बरं झालं तू आत्ता आलास, बाळा. मघाशी बाहेर होता तो."

मुलानं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. "गेला तो, आजोबा. मेला."

"छे रे," बाबा म्हणाले, "दर शुक्रवारी येतो."