डोकेमोज्या साहेबाचा जादा रकाना

कचेरीतला माणूस पेन्शनीत जातो, किस्से जात नाहीत. टेंभी नाक्यावर चौघे भेटले की आजही मला आधी विचारतात, "अहो, तो डोकेमोज्या साहेब सांगा!"

तर हा साहेब ठाण्यात आला तो नेटिव्हांची डोकी मोजायला. पितळी चिमटा कानशिलांना लावायचा आणि आकडा सांगायचा. लिहून घ्यायला आमचे केशवराव. बारा वर्षं कारकुनी झालेली, हेडकारकुनाची जागा रिकामी, आणि सगळं अडलेलं या साहेबाच्या शिफारशीवर!

पहिल्याच दिवशी साहेब म्हणाला, "माझ्या मनात काळा-गोरा भेद नाही. मी फक्त मोजतो." आमचा ऊर भरून आला, खोटं कशाला बोला!

*

आमच्या म्हाताऱ्या दप्तरदारांना साहेब म्हणाला, पगडी काढा. म्हातारा ढिम्म.

"पगडीसकट मोजा साहेब. चाळीस वर्षांची अक्कल तिच्यातच आहे!"

*

मग घंटेची परीक्षा. घंटा वाजली की झटकन खटका दाबायचा. आम्हा सगळ्यांनाच उशीर! साहेब म्हणाला, "लिहा, नेटिव्हाचं डोकं मंद."

केशवरावांनी टाक खाली ठेवला. "साहेब, घंटा वाजली की आम्ही आधी तुमच्याकडे बघतो, दाबू का म्हणून. इथे हुकुमाशिवाय खिडकीसुद्धा उघडत नाही कोणी. तुम्ही जरा तोंड फिरवून बसा."

साहेब बसला. केशवरावांनी खटका असा दाबला की साहेबाचा स्वतःचा आकडा मागे पडला! काय अभिमान वाटला म्हणून सांगू! त्या दिवशी डबेसुद्धा आम्ही जरा ऐटीतच उघडले.

*

शेवटच्या दिवशी साहेबाने वही मागितली. पाहतो तर एक जादा रकाना! नेटिव्हांशी तुलनेसाठी कल्याणहून बोलावून मोजलेले गोरे रेल्वे ड्रायव्हर, डोक्याला वंगण लागलेले, त्यांच्यापुढे कोरं. आम्ही आंघोळ करून, गंध लावून आलेले, आमच्या प्रत्येकापुढे फुली.

"हे काय?"

"मोजून झाल्यावर तुम्ही चिमटा रुमालाने पुसलात, तिथे फुली, साहेब."

मेलो! गेली जागा, मी मनात म्हटलं. साहेब लालबुंद. एकेका फुलीवरून बोट फिरवलं. मग रुमाल खणात टाकला, शिफारशीच्या कागदावर सही केली आणि वही स्वतःपुढे ओढून म्हणाला, "उरलेलं एक डोकं तुम्ही मोजा, हेडकारकून."

उरला होता बाळकुमचा धर्मा कोळी. केशवरावांनी त्याच्या कानशिलांना चिमटा लावला, खणखणीत आवाजात आकडा सांगितला.

धर्मा हसला. "माजा डोका बरा हाय ना, रावसाहेब?"

"उत्तम आहे रे," म्हणत केशवरावांनी उपरण्याच्या टोकाने चिमटा पुसला.

साहेबाने टाक उचलला आणि फुली मारली.