राघोची खबर

अण्णा गेले त्याला आता सहा आठवडे होतील. फोन त्यांच्या सुनेचा होता. "काका, अण्णा गेले. तुम्हाला लगेच कळवायचं, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं." 'लगेच'! एवढी घाई अण्णांच्या स्वभावात पूर्वी नव्हती.

सावर्ड्याच्या आतल्या आमच्या गावात आम्ही वीस वर्षं एका शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं कलमं लावतात. अण्णांनी राघोचा शोध मागे लावून घेतला. राघो आमच्याच वाडीतला. दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेला तो परतलाच नाही, आणि मेल्याची खबरही आली नाही. बायको शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली. मुलगा तात्या, आज ऐंशीच्या पुढचा, पितृपंधरवड्यात आजोबा-पणजोबांचं म्हाळ घाली, पण बापाचं पान वाढत नसे. जिवंत असला तर? "मराच्या आदी येकदा बापसाला पान वाडायचाय," एवढंच तो अण्णांना म्हणाला होता.

कचेऱ्यांना पत्रं लिहून अण्णांनी पोस्टमनला बेजार केलं. उत्तर ठरलेलं: नोंद आढळत नाही. आणि कळसा निघाला काखेतच! गेल्या वर्षी वाळवी लागली म्हणून अण्णांनी वडिलांची मुंबईची जुनी ट्रंक उपसली, तर तळाशी पलटणीचं पत्र. राघो इटलीत कामी आल्याचं. भरती होण्याआधी तो अण्णांच्या वडिलांबरोबर मुंबईच्या खोलीवर राहायचा, आणि पत्ता त्यानं तिथलाच दिला होता. पत्रामागे पेन्सिलीनं वडिलांचं अक्षर: 'शिमग्यात नको. गणपतीत सांगणे.' त्याखाली: 'गणपतीत नको. शिमग्यात.' चाकरमानी गावी येणार ते या दोन सणांना, आणि ऐन सणात कुणाच्या घरात सुतक कसं घालायचं? पुढे ओळच नव्हती. नंतर नंतर सांगायची लाजही वाटली असेल.

तेव्हा गणपतीला तीन दिवस होते. मी म्हटलं, "अण्णा, इतकी वर्षं गेली, आता विसर्जन होऊन जाऊ दे."

"तूही माझ्या वडिलांच्याच पंक्तीतला!" अण्णा माझ्यावर उखडले आणि चपला घालून निघाले. मी निमूट मागे.

तात्याच्या घरी मखर सजत होतं. अण्णांनी पत्र वाचून दाखवलं, कुणी आणि का दडवलं तेही सांगितलं. पत्र हातात घेऊन तात्या म्हणाला, "गणपती फुडच्या वर्सी येतील. माजा बापूस आज आलाय." मखर उतरलं. वाडीनं अण्णांना नावं ठेवली, मास्तराला काळवेळ कळत नाही म्हणून.

म्हाळाच्या दिवशी तात्यानं आम्हा दोघांना बोलावलं. राघोच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढलेलं होतं. अण्णांनी विचारलं, "हे कुणाचं?"

"तुमच्या बापसाचा. येवडी वर्सं त्यानं येकट्यानं ह्या खबरीचा वझा डोक्यावर वायलान."

पत्र सापडल्यापासून अण्णा वडिलांचं नाव घेत नव्हते, इतका राग होता. त्या पानापुढे ते गुडघे टेकून बसले, पोरासारखे रडले, आणि रडू आवरल्यावर हळूच म्हणाले, "बाबा, सांगितलं हो मी."