अर्धी खेच

उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचं, समोरच्याकडे बघायचं नाही आणि म्हणायचं, "थांबा. खेच अर्धी आहे."

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांची ही सवय सगळ्या सोसायटीला माहीत होती. मटार सोलताना कुणी हाक मारली तरी बोट वर. सेक्रेटरी मेंटेनन्सचं बोलायला आले तरी बोट वर, आणि सेक्रेटरी खरोखरच थांबत.

बाळांनो, तुम्हीही त्यांना पाहिलं आहे. जुईनगरला आला होतात तेव्हा जिन्यात तुमच्या बुटांच्या सुटलेल्या नाड्यांकडे बोट दाखवून "ह्यांच्या आईवडलांना वेळ नाही वाटतं" असं म्हणाले, तेच. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ते आजोबा कसे होते? मी म्हणाले, कडक होते, पण चांगले होते. मला घाईत खोटं बोलायची सवय नाही, तरी तेव्हा बोलले. म्हणून हे नीट लिहिते आहे.

ते सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. कळंबोलीच्या पुढे एक नेमबाजी क्लब आहे. तिथे क्लबच्या परवान्यावर ते सभासदांची वापरलेली काडतुसं पुन्हा भरून देत. जुन्या यंत्रावर एका वेळी एक. मग क्लबने ठरवलं की नवं, फिरत्या चकतीचं यंत्र घ्यायचं. कोणतं, ते यांनी सांगायचं. माहितीपत्रकं सगळी इंग्रजीत. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली, म्हणून ते माझ्याकडे येऊ लागले.

"बाई, इंग्रजी तुमचं. समजणं माझं," पहिल्याच दिवशी त्यांनी वाटणी करून टाकली.

येताना खिशात छोटा तराजू असे. मी केलेले रव्याचे लाडू त्यांनी खाण्याआधी एकेक करून तोलले. "पाचवा चार ग्रॅम कमी आहे," म्हणाले आणि पाचवा माझ्या ताटलीत ठेवला. मी हसले. तेव्हा अशा गोष्टींचं मला हसूच येई.

यंत्र मी त्यांच्याकडूनच शिकले. एका गोल चकतीत पाच घरं असतात. प्रत्येक घरात एक रिकामी पुंगळी. दांडा एकदा ओढला, म्हणजे एक खेच झाली, की चकती एक घर पुढे जायला हवी. एका घरात मोजकी दारू पडते, पुढच्या घरात आत डोकावून बघायचं, त्याच्या पुढे शिशाची गोळी बसते. दर खेचेला एक तयार काडतूस बाहेर पडतं. धोका एकच. खेच अर्ध्यावर सोडली आणि पुन्हा ओढली, तर एकाच पुंगळीत दारू दोनदा पडू शकते. तसं काडतूस बंदूक फोडतं, आणि बंदूक गालाला टेकवलेली असते. म्हणून खेच अर्धी असताना बोलायचं नाही. मध्ये खंड पडलाच, तर चकतीवरचं सगळं ओतून पहिल्यापासून सुरुवात.

तीन यंत्रं निवडीला होती. एकाची चकती हाताने सरकवायची, दुसऱ्याची अर्धीमुर्धी, तिसऱ्याची आपोआप. वजन चुकलं की तिसरं स्वतःच शिट्टी मारी.

"आपोआप हा शब्द दारूजवळ नको, बाई," ते म्हणत. "शिट्टी बिघडली तर? बघायला माणूसच पाहिजे."

असं माणूस त्यांच्या घरात होतं. त्यांची सून.

ती खाडीकाठच्या एका गावातली. तिच्या आजोळची माणसं पूर्वी मिठागरात कामाला होती. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. ती वाशीच्या मार्केटात एका व्यापाऱ्याकडे काम करी, आणि ती नोकरी दिवाळीला संपणार होती. क्लबमध्ये सासऱ्यांच्या जागी काडतुसं भरायला आपलं नाव लागावं, एवढंच तिला हवं होतं. सासऱ्यांनी नुसतं हो म्हणायचं होतं.

हाताने चालणारं यंत्र विक्रेत्याने महिनाभर बघायला दिलं. ते त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलं. घरात दारूचा कणही आणायची परवानगी नसते, म्हणून दारूच्या जागी राजगिरा. मी ओट्याशी खुर्ची घेऊन बसे. दांडा सून ओढी, पुंगळीत बॅटरी मारून बघे आणि तराजूवर ठेवायच्या आत सांगे, "कमी हाय." तराजू तेच सांगे.

"मिठागरातली जात," ते माझ्याकडे बघून म्हणत. "मुठी भरून टाकायची सवय. बाई, हिच्या भाजीत बघा मीठ."

"भाजीत बरोबर असतं, बाबा. तुमी दोनदा घेता."

"मध्ये बोलायचं नाही!"

तिची पुंगळी बरोबर निघाली की ते काही म्हणत नसत. चुकली की चुकलेला राजगिरा तिच्या तळहातावर ओतून, रात्री तो तिच्या ताटाशेजारी वाटीत ठेवत. तिनेच मला सांगितलं, हसत हसत.

एका रविवारी क्लबच्या समितीतले दोघे आले. पन्नास खेचा बिनचूक झाल्या तर परवान्याच्या अर्जावर तिचं नाव घालायचं, असं ठरलं होतं. तिने केस घट्ट बांधले होते, बांगड्या काढून ठेवल्या होत्या. तीस झाल्या, चाळीस झाल्या. समितीतले एक जण म्हणाले, "वा, मॅडम."

मला वाटतं, त्या 'वा'नेच घात केला.

बेचाळिसावी खेच अर्ध्यावर असताना बेल वाजली.

"बघ कोण आहे," ते म्हणाले.

"बाबा, खेच अर्धी हाय."

"सासऱ्याचं ऐकायचं की मशीनचं?"

पाहुणे हसले. ती गेली. पाहुण्यांच्या माना दाराकडे वळल्या होत्या. सासऱ्यांनी डब्यातून चिमूटभर राजगिरा उचलला आणि तिसऱ्या घरातल्या पुंगळीत टाकला. मग त्यांना दिसलं की मी बघते आहे. त्यांनी बोट वर केलं.

दारात इस्त्रीवाला होता. ती परत आली आणि नियमाप्रमाणे चकतीवरचं सगळं ओतायला लागली.

"राहू दे. पाहुण्यांचा वेळ जातोय. आत बघ आणि ओढ."

तिने बॅटरी मारली. "बाबा, ह्यात जास्त हाय."

"हो ना? दोनदा पडलं." ते पाहुण्यांकडे वळले. "तिला दिसलं, ते सोडा. पडलं कसं, ते विचारा. उद्या खरी दारू असेल."

"कसं पडलं, मॅडम?" 'वा' म्हणणाऱ्यांनीच विचारलं.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. माझी खुर्ची ओट्याला लागून होती, हे तिला माहीत होतं. मी तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावरची कॉपी पकडली आहे. त्या दिवशी मी माझ्या पायांकडे बघितलं. दुसऱ्याच्या घरातली बाब, असं काहीतरी मनाशी म्हटलं.

"माज्या हातून नाय पडलं," ती म्हणाली.

"मग काय बाईंनी टाकलं?" ते म्हणाले, आणि पाहुणे पुन्हा हसले.

चहा पिताना त्यांनी समितीला सांगितलं, "आपोआपचंच घ्या. माणसाचा भरवसा नाही." तीन महिने ज्या शब्दाला नाक मुरडलं, तोच शब्द. सून आतून कप न्यायला आली, तेव्हा तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आपोआपचं यंत्र आलं. महिन्याभरात क्लबने त्यांनाही कळवलं की आता रोज यायची गरज नाही, शिट्टी आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवाळीला सुनेची नोकरी संपली होतीच. ती घरी राहून त्यांचं सगळं करू लागली.

ते गेले त्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेले होते. ती त्यांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून भरवत होती. राजगिऱ्याची पातळ खीर. त्यांना ठसका लागला असावा, किंवा पाणी हवं असेल. त्यांनी डावं बोट वर केलं.

तिने चमचा त्यांच्या ओठांपासून वीतभर दूर धरला आणि हात तसाच ठेवला.

"थांबा, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "खेच अर्धी हाय."

त्यांचं तोंड उघडं होतं. हनुवटीवरून खीर ओघळत होती. बोट खाली येत नव्हतं. पाण्याचा पेला माझ्या हाताशी होता. मी तो उचलला.

"काकू," तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "तुमी मध्ये बोलत नाय ना?"

मी पेला खाली ठेवला. ओट्यावर जिथे यंत्र बसवलं होतं तिथे स्क्रूची दोन भोकं होती, त्यांच्याकडे बघत राहिले. चमचा तोंडात गेल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.